माँ ब्लाँची प्रदक्षिणा: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी दिवसवार आखणी

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या खान्देशातल्या माणसाला दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या पायवाटेचं नाव निघालं की आपल्याकडे हिशेब लगेच मांडला जातो: १७० किलोमीटर, अकरा दिवस, सहज जमेल. हा हिशेब चुकतो. त्या वाटेवर एकूण चढ सुमारे दहा हजार मीटरचा आहे, आणि वाट निघते तिथेच परत येत असल्यामुळे उतारही तेवढाच. साल्हेरचा पायथ्यापासूनचा चढ साताआठशे मीटरचा. म्हणजे अकरा दिवसांत साल्हेर तेरा-एक वेळा चढून उतरायचा, तोही पाठीवर सात-आठ किलो घेऊन. आखणीला बसताना आधी हा आकडा घ्यायचा, किलोमीटर नंतर.

वाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. मधला पर्वत ४,८०० मीटरहून उंच असला तरी वाट त्याच्या माथ्यावर जात नाही. एका खिंडीतून चढायचं, पलीकडच्या दरीत उतरायचं, पुन्हा पुढची खिंड. १७६७ साली जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी पर्वताला अशीच फेरी घातली होती. मोसमात दोर किंवा बर्फकुऱ्हाड लागत नाही, मुक्कामाला छप्पर असतं, जेवण शिजवून मिळतं. बहुतेक लोक घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध चालतात. खाली तीच दिशा धरली आहे.

तारखा, मुक्काम, व्हिसा

शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत ही सहल होत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. तेव्हा खिंडी बर्फाखाली असतात आणि बहुतेक मुक्कामघरं जूनच्या मध्याला उघडतात. जुलैच्या सुरुवातीपर्यंत सावलीच्या अंगाला जुना बर्फ टिकून राहतो. पहाटे तो टणक असतो, आणि घसरलं तर थांबायला आधार नसतो. ऑगस्टमध्ये वाट मोकळी, पण गर्दी फार, आणि महिन्याच्या अखेरीस याच वाटेवर धावण्याची मोठी शर्यत असते. त्या आठवड्यात खाट मिळणं जवळजवळ अशक्य. खान्देशातल्या माणसाला सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात सोयीचे, असं आमचं ठाम मत आहे. कानबाई झालेली असते, कापूस वेचणीला अवकाश असतो, गणपती कुठे येतात तेवढं कॅलेंडरात बघायचं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मुक्कामघरं एकेक करून बंद होऊ लागतात, त्यामुळे त्यापुढे ढकलू नका.

मुक्कामाची नोंदणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून उघडायला लागते. इथेच बहुतेकांची गल्लत होते: आधी विमान, मग व्हिसा, शेवटी मुक्काम, असा क्रम लावला जातो. तो उलटा हवा. एलिसाबेता आणि बोनात्ती ही इटलीतली दोन घरं सगळ्यात आधी भरतात, कारण त्यांच्या आसपास पर्याय फार थोडे आहेत. आधी या दोन रात्री पक्क्या करा, मग त्यांच्या मागेपुढे बाकीचे दिवस बसवा, आणि सगळ्या रात्री जुळल्यावरच तिकीट काढा. चौघांना जागा मिळते, दहा जणांना मिळत नाही. नोंदणी करताना 'अर्धा भोजनखर्च' घ्यायचा, म्हणजे खाट, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. माणशी रात्रीला साधारण ६० ते ९० युरो धरा. स्वित्झर्लंड सगळ्यात महाग. शाकाहारी असल्याचं नोंदणीतच लिहा आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा सांगा. 'शाकाहारी' म्हटल्यावर तिथे अंडं आणि चीज येतंच. अंडं चालत नसेल तर ते वेगळं कळवावं लागतं. कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर उंचावरच्या घरात तशी सोय होईल असं धरून चालू नका.

तिन्ही देश शेंगेन व्हिसाखाली येतात. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री त्या देशाकडे करायचा. या आखणीत फ्रान्समध्ये सात, इटलीत चार, स्वित्झर्लंडमध्ये तीन रात्री आहेत, म्हणून फ्रान्स. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्येच उरका, कारण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी काम आणि रात्री परत, असं जमतं. फक्त भेटीची वेळ अकराच्या पुढची घ्या. विमा किमान ३०,००० युरोंचा बंधनकारक आहे, पण खरी गोष्ट बारीक अक्षरात असते. बऱ्याच प्रवास-विम्यांत डोंगरातलं चालणं किंवा हेलिकॉप्टरने सुटका वगळलेली असते. फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका सरकारी खर्चाने होते, स्वित्झर्लंडमध्ये बिल तुमच्या नावावर येतं. पॉलिसीत 'तीन हजार मीटरपर्यंत पदभ्रमण' आणि 'सुटका' हे दोन्ही आहे ना, ते लेखी घ्या.

पायांची तयारी

जळगावात मेहरूण तलावाला कितीही फेऱ्या मारल्या, तरी त्यातून दम वाढतो, उतरायचे स्नायू तयार होत नाहीत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि तिसऱ्या दिवसापासून भार गुडघ्यावर येतो. या वाटेवरून अर्ध्यात परतणाऱ्यांची मोठी कारणं दोन: गुडघे आणि फोड. धाप लागून परतणारे त्या मानाने थोडे.

म्हणून निदान चार महिने आठवड्यातून एक दिवस खऱ्या चढ-उताराला द्या. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत घरी. धुळेकरांना लळिंग हाताशी आहे. तो छोटा आहे, म्हणून एका सकाळी दोन-तीनदा चढा-उतरा. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवीचं रान आणि कन्हेरगड. नंदुरबारकडे तोरणमाळ, आणि अस्तंभ्याची धनत्रयोदशीच्या यात्रेची वाट. शेवटच्या सहा आठवड्यांत किमान दोनदा साल्हेर, सहलीचीच पिशवी आणि सहलीचेच बूट घालून. जुलै-ऑगस्टचा पाऊस चुकवू नका. पावसाळी जाकीट आतून घामाने किती भिजतं आणि पिशवीत पाणी कुठून शिरतं, हे घरीच कळलेलं बरं. अखेरची कसोटी लागोपाठ दोन दिवसांची ठेवा. पहिला दिवस कोणालाही जमतो; काय दुखतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजतं.

पिशवी

पस्तीस ते चाळीस लिटरची, पाण्यासह आठ किलोच्या आत. स्लीपिंग बॅग नको, घरांत ब्लँकेट असतात. पण अंगाखाली-वर घ्यायची चादरीची खोळ सक्तीची आहे, रेशमी घेतली तर दीडशे ग्रॅम. खान्देश कापसाचा मुलूख, तरी तिथे सुती बनियन-सदरा नेऊ नका. सूत घाम धरून ठेवतं आणि खिंडीतल्या वाऱ्यात तेच ओलं कापड अंगातली ऊब काढून घेतं. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन शर्ट, एक लोकरी थर, एक हलकं पिसांचं जाकीट, पावसाळी जाकीट आणि पावसाळी पँट, टोपी, पातळ हातमोजे. आपल्याकडच्यांची ठरलेली चूक म्हणजे थंडीच्या धास्तीने ढीगभर कपडे. दरीत दुपारी पंचवीस अंश असतात. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, खिंडीत वारा असला तर त्याहूनही गार वाटतं. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं.

बूट अर्धा नंबर मोठे, दोन महिने आधी घेतलेले. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं आपटून काळी पडतात. नखं निघण्याच्या चार दिवस आधी कापा. टाच किंवा चवडा 'गरम' लागला की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या वळणावर बघू' म्हटलं की तिथे पाणी भरलेलं असतं. काठ्या दोन घ्या, त्या हातसामानात नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका. चढताना आखूड, उतरताना दहा सेंटिमीटर लांब.

खाण्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी दीडशे ग्रॅम अवश्य घ्या, तिथल्या फिक्या सूपला आणि पोलेंटाला (मक्याच्या रव्याच्या घट्ट लापशीला) ती जीव आणते. सुकेळी, भाजलेले शेंगदाणे, गूळ-तिळाच्या वड्या उत्तम. पेढे, खवा, पनीर, तूप नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. दशम्या रेल्वेत आणि विमानतळापर्यंत संपवा.

आदला दिवस: जिनिव्हा ते ले झूश

मुंबईहून एक विमान बदलून जिनिव्हा, तिथून बसने दीडेक तासात शामोनीची दरी. ले झूश हे गाव १,००७ मीटरवर. मुक्काम इथेच. युरो बरोबर असू द्या, शिवाय शंभर-दीडशे स्विस फ्रँक. डोंगरातल्या काही घरांत कार्ड चालत नाही. चार्जरची गोल दोन पिनांची पिन तिन्ही देशांत बसते, आपली जाड तीन पिनांची बसत नाही.

दिवस १: ले झूश ते ले काँतामीन

१६ किलोमीटर, चढ साडेसहाशे मीटर. व्होझा खिंड १,६५३ मीटर. पायांना वाट ओळखीची करून द्यायचा दिवस. त्रिको खिंडीची (२,१२० मीटर) उंच वाट देखणी आहे, झुलता पूल आणि वर हिमनदी; पण तिचा मियाजकडचा उतार साडेपाचशे मीटर एका दमात खाली नेतो, आणि पहिल्याच दिवशी मांड्या खर्चू नयेत. हवा आणि गुडघे दोन्ही भरवशाचे असतील तरच. संध्याकाळी ले काँतामीनमध्ये दुकान आणि एटीएम दोन्ही गाठा, कारण पुढचं एटीएम थेट इटलीतल्या कूरमायोरला.

दिवस २: ले काँतामीन ते ले शापियू

आखणी बिनसते ती बहुतेक वेळा याच दिवशी, म्हणून वेळेचा हिशेब इथे पुरा मांडतो. आल्प्समधल्या पाट्यांवर अंतर क्वचित, तास लिहिलेले असतात. आपल्याला स्वतःचे तास काढता आले पाहिजेत. रीत अशी: सपाटीला ताशी ४ किलोमीटर, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढ-उताराचा वेगळा. जो मोठा तो पूर्ण, जो लहान त्याचा निम्मा, आणि बेरीज.

आजचं अंतर १८ किलोमीटर, म्हणजे साडेचार तास. चढ १,३०० मीटर, म्हणजे चार तास वीस मिनिटं. उतार ९०० मीटर, पावणेदोन तासांहून थोडा जास्त. चढ-उतार मिळून सहा तास दहा मिनिटं, त्यात साडेचारचे निम्मे सव्वादोन. झाले जवळजवळ साडेआठ. यात खाणं, पाणी, फोटो, बुटात गेलेला खडा, काहीच धरलेलं नाही. दीड तास मिळवला की दहा तास.

आता हेच फक्त बोनोमच्या खिंडीपर्यंत (२,३२९ मीटर) करा. दहा किलोमीटर, १,१६० मीटर चढ: पाच तासांवर थोडं. सकाळी पावणेसातला निघालात तर बाराच्या सुमारास खिंडीत, साडेआठला निघालात तर पावणेदोनच्या सुमारास. हा फरक जीवावरचा असतो. सकाळच्या उन्हाने डोंगराचे उतार तापतात, दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत तिचे ढग उभे राहतात आणि दोन-तीननंतर वीज-पाऊस सुरू होतो. ऑगस्टमध्ये हे जास्त, सप्टेंबरमध्ये कमी, पण नियम रोजचा एकच: खिंड दुपारच्या आत ओलांडायची. मुक्कामघरांत न्याहारी सातच्या आसपास मिळते. लवकर निघायचं तर आदल्या रात्रीच सांगून पाव, चीज आणि थर्मासमध्ये चहा काढून ठेवायला लावा. डोक्याला लावायची बॅटरी हवी. सप्टेंबरात तिथे सूर्य सातच्या आसपास उगवतो.

पहिले चार किलोमीटर नोत्र दाम द ला गोर्जच्या चर्चपर्यंत नदीकाठची सपाट वाट, तिथून दगडी फरसबंदीचा जुना चढ. ला बाल्मला (१,७०६ मीटर) पाणी भरून घ्या. बोनोमच्या खिंडीवर पोचलं की काम झालं असं वाटतं, पण वाट अजून दोन किलोमीटर कड्याच्या पोटातून, मोठमोठ्या धोंड्यांमधून क्रॉय द्यू बोनोमच्या खिंडीकडे (२,४७९ मीटर) जाते. जुना बर्फ सगळ्यात उशिरापर्यंत इथेच असतो, धुक्यात चकायला होतं तेही इथेच. लाल-पांढरे पट्टे शोधत जा. दोनशे पावलांत एकही पट्टा दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या. खिंडीखालीच २,४४३ मीटरवर मुक्कामघर आहे. ज्यांना दहा तास झेपणार नाहीत त्यांनी रात्र तिथेच काढावी आणि ९०० मीटरचा उतार सकाळच्या ताज्या पायांवर ठेवावा. आमच्या मते चाळिशीपुढच्यांनी हेच करावं.

दिवस ३: ले शापियू ते एलिसाबेता

१५ किलोमीटर, चढ हजार मीटर. सुरुवातीचा ला व्हील दे ग्लासियेपर्यंतचा भाग डांबरी सडक आहे. मोसमात छोटी बस जाते, तिने जाण्यात कमीपणा काही नाही. मोत्तेच्या घरानंतर खरा चढ, नागमोडी आणि एकसारखा. सेन्य खिंड २,५१६ मीटर, पलीकडे इटली. वर पोचल्यावर घाम सुकायच्या आत जाकीट अंगावर घ्या, मग काय ते बघा. वारा इथे कायमचा.

कुरणांत मेंढ्यांचे कळप असतात आणि त्यांना राखणारे मोठे पांढरे कुत्रे. ते मेंढ्यांतच वाढलेले असतात आणि कळपात शिरणाऱ्याला शत्रू समजतात. लांबून वळसा घाला, काठ्या खाली धरा, पळू नका. थांबून शांत आवाजात बोललं की हुंगून परत जातात.

एलिसाबेता २,१९५ मीटरवर, वर हिमनदी लोंबलेली. खाटा दाटीने मांडलेल्या, कानात घालायचे बोळे लागतातच. बूट दाराशी ठेवायचे, आत घरातल्या चपला. गरम पाण्याच्या अंघोळीला टोकन घ्यावं लागतं आणि पाणी मिनिटांवर मोजून मिळतं, तेव्हा साबण आधी लावून मग टोकन टाका.

दिवस ४: एलिसाबेता ते कूरमायोर

काँबाल सरोवरापर्यंत सपाट, मग साडेचारशे मीटर चढ, आणि तिथून पुढे दोन तास समोर माँ ब्लाँची दक्षिण बाजू: काळा कडा, खाली मियाज हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा लांबच लांब बांध. चढून आल्याचं चीज होतं ते इथे. सावकाश चाला.

कारण शेवटी भरपाई करावी लागते. शेक्रुई खिंडीपासून (१,९५६ मीटर) कूरमायोर (१,२२४ मीटर) साडेसातशे मीटर खाली, धुळीचा भसाभस उतार, काही ठिकाणी बर्फावर घसरण्याच्या धावपट्टीवरूनच. गुडघा कुरकुरत असेल तर खिंडीखालून तारेवरचा पाळणा (केबल कार) चालू आहे का ते एलिसाबेतात विचारून ठेवा. पाऊस लागला तर कड्याची वाट सोडून खालच्या व्हेनी दरीतून बस पकडा.

दिवस ५: कूरमायोर, मुक्काम

हा दिवस वगळून एक रात्र वाचवायचा मोह होतो. वगळू नका. कपडे धुवा, फोड कोरडे होऊ द्या, औषधाच्या दुकानात जा. ज्याला पुढे जमणार नाही असं वाटतं, त्याच्यासाठी इथून बोगद्यातून (तो चालू असेल तर) शामोनीला बस आहे, बोगदा साडेअकरा किलोमीटरचा. पुढच्या दरीत अशी सोय नाही. हवा स्वच्छ असेल तर पाळण्याने पुंता हेलब्रोनेरला, ३,४६६ मीटरवर जाता येतं. इतक्या झपाट्याने वर गेल्यावर डोकं हलकं होऊ शकतं, वर जिने धावत चढू नका.

दिवस ६: कूरमायोर ते बोनात्ती

१२ किलोमीटर. बेर्तोनेपर्यंत (१,९८९ मीटर) झाडीतून सरळ पावणेआठशे मीटर चढ, नंतर दरीच्या कडेने जवळपास समपातळीची वाट. समोर ग्राँद जोरासची भिंत. बोनात्ती २,०२५ मीटरवर, जेवण या फेरीतलं बहुधा सगळ्यात चांगलं. दुपारी दोनपर्यंत पोचा आणि कपडे उन्हात टाका.

दिवस ७: बोनात्ती ते ला फूली

२० किलोमीटर, चढ नऊशे, उतार तेराशे. वाट आधी आर्नूव्हाला १,७६९ मीटरपर्यंत उतरते आणि मग एलेनाच्या घरावरून ग्राँ कोल फेरेला, २,५३७ मीटरवर नेते. मुख्य वाटेवरची ही सगळ्यात उंच खिंड. एलेनाला थांबून आकाश बघा. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर खिंडीकडे पाऊल टाकू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे.

खिंडीपलीकडे स्वित्झर्लंड. तपासणी बहुधा होत नाही, पण पासपोर्ट अंगावर हवा. खटका वेगळाच असतो: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे 'युरोप'साठी घेतलेलं मोबाइल डेटाचं पॅक इथे बंद पडू शकतं किंवा भरमसाट पैसे कापतं. घेतानाच स्वित्झर्लंडचं नाव यादीत आहे ना ते पाहा आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा. मदतीसाठी ११२ तिन्ही देशांत लागतो.

उतार लांबलचक आहे, पण सौम्य. लहान पावलं टाका, गुडघा कधीही पूर्ण ताठ करू नका.

दिवस ८: ला फूली ते शाँपे

१५ किलोमीटर, सोपा. लाकडी गोदामांची गावं, बटाट्याची शेतं, शेवटी इसेरपासून चारशे मीटर चढ. थकलेल्यांना बस आहे. आम्ही म्हणू, ज्याच्या पायाला फोड आहे त्याने आज बसनेच जावं.

दिवस ९: शाँपे ते त्रियाँ

दोन वाटा. बोवीनची (१,९८७ मीटर) झाडीतून आणि गुरांच्या कुरणांतून, सोळा किलोमीटर, पावसातही चालणारी. दुसरी फनेत्र दारपेतची, २,६६५ मीटर, बाराशे मीटर चढ आणि चौदाशे उतार, वर मोठ्या दगडांची रास जिच्यावर हातही टेकावे लागतात. रात्री पाऊस झाला असेल, खिंडीत ढग असेल किंवा गटातला एकही जण साशंक असेल तर बोवीन. गट फोडू नका.

दिवस १०: त्रियाँ ते त्रे-ल-शाँ

१३ किलोमीटर, चढ हजारावर. बाल्म खिंड सुमारे २,२०० मीटर, पुन्हा फ्रान्स, आणि चार दिवसांनी माँ ब्लाँ पुन्हा समोर. पोझेतच्या धारेवरून उतरताना लाकडी पायऱ्या आहेत, ओल्या असल्या की निसरड्या.

दिवस ११: त्रे-ल-शाँ ते ला फ्लेजेर

आठ किलोमीटरच, पण लोखंडी शिड्यांचा दिवस. कड्याला बसवलेल्या शिड्या आणि कठडे, एकामागून एक. काठ्या दुमडून पिशवीत, लोंबणारं काही बाहेर नको, शिडीवर एका वेळी एकच माणूस. चढण्याच्या दिशेनेच जा. उलट दिशेने उतरणं फार अवघड. पाऊस असेल किंवा उंचीची भीती असेल तर मोंते खिंडीवरून शिड्यांविना वाट आहे, थोडी लांब. त्यात गमावण्यासारखं काही नाही. सकाळी लवकर वर आलात तर लाक ब्लाँ सरोवर (२,३५२ मीटर) बघून ला फ्लेजेरला (१,८७५ मीटर) उतरता येतं.

दिवस १२: ला फ्लेजेर ते ले झूश

१७ किलोमीटर. ब्रेव्हाँचा माथा २,५२५ मीटर, आणि तिथून ले झूश पंधराशे मीटर खाली. अख्ख्या फेरीतला सगळ्यात लांब उतार शेवटच्या दिवशी, बाराव्या दिवसाच्या पायांवर. घोटे मुरगळतात ते याच दिवशी, तेही शेवटच्या तासाभरात, कारण गाव खाली दिसायला लागलेलं असतं आणि पावलं भराभर पडतात. बेलाशाच्या घराशी (सुमारे २,१५० मीटर) अर्धा तास बसा, खा, बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, प्रत्येक तीनशे मीटर उतारानंतर पाच मिनिटं थांबा. वाटेत पाणी नाही, दोन लिटर वरूनच घ्या. गुडघे संपलेले असतील तर प्लांप्राझहून पाळण्याने शामोनीला उतरा. प्रदक्षिणा त्याने अपुरी राहत नाही.

दिवस १३: शामोनी, राखीव

हा दिवस मोकळा सोडायचा तो वाटेत हवेने एखादा दिवस खाल्ला तर भरून काढायला. मुक्काम पुढे सरकवता येत नसले तरी बसने एक टप्पा गाळून पुढचं घर गाठता येतं, आणि विमान चुकत नाही. सगळं वेळेत पार पडलं तर बूट घासून धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवा. तळव्याच्या खाचांतली माती काढून टाका, विमानतळावर ओली माती लागलेले बूट अडवले जाऊ शकतात. जिनिव्हाची बस आदल्या दिवशीच राखून ठेवा. विमान सकाळी दहाच्या आधीचं असेल तर रात्री जिनिव्हातच राहा, पहाटेच्या बसवर विसंबू नका. मुंबईहून जळगावची परतीची गाडी मात्र विमान उतरल्यावर किमान सहा तासांनंतरची काढा.